आक्कानं निवडलेले तामडे

उमापूर

प्रिय आक्का,

आज तुझी उतरंड उतरवली. तळच्या मडक्यात, तिळाखाली एक गाठोडं निघालं. सोडून बघतो तर दगडाचा चमचमता भुगा! दोन वर्षं जपलास तो? आणि मला सांगितलं नाहीस! तुझं तेरावं काल झालं. आज लिहिल्याशिवाय राहवेना.

आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. हैदराबादेत खडकांच्या पाहणीत सरकारी नोकरी लागली तेव्हा गावभर गूळ वाटलास. मग सुट्टीत मी वरंगळकडचा दगड घेऊन घरी आलो. अभ्रकाचा, भुसभुशीत, त्यात मसुरीएवढे लालबुंद खडे, तामडे. लई मोलाचे हायेत, असं तुला मीच सांगितलं.

गावात चक्कर मारून आलो, तर तू दाभणानं सगळे खडे उकरून, धुऊन वाटीत ठेवलेले! "बापू, समदे निवडले बघ. एक बी फुटला न्हाई," म्हणालीस. किती खूश होतीस!

आणि मी ओरडलो, "अडाणीच हायेस तू! फिरून माझ्या वस्तूला हात लावू नको."

तामड्याचं मोल अंगठीसाठी नव्हतं गं. तो दगड मुळात चिखल. जमिनीखाली दाबला, तापला, तेव्हा त्यात तामडा वाढला. त्याच्या शेजारी कोणते कण आहेत ते पाहून ताप केवढा होता ते ताडता येतं. खडे सुटे केले की तो शेजारच जातो. पण हे मी तुला आधी समजावलं होतं कुठं?

पुढं कचेरीतल्या साहेबांनी तुझ्याच वाटीतला एक खडा कागदासारखा पातळ घासून भिंगाखाली धरला. वाढताना त्यानं भोवतीचे बारीक कण पोटात घेतले होते. बाहेरचा दगड नंतर बदलला, आतले कण तसेच राहिले. दगड आधी कसा होता, ते त्या खड्यातच सापडलं!

हे कळल्यावर दोनदा घरी आलो. सांगितलं नाही. चूक कबूल करायची लाज वाटली. तू मात्र माझा सदरा धुवायला घेतानाही विचारायचीस, "हात लावू का?" ते ऐकूनही मी नुसता सदरा पुढं करायचो! कसला भाऊ मी? तू तरी का भांडली नाहीस?

त्या दगडाचा हा उरलेला भुगा हैदराबादेला नेईन, कचेरीत त्या खड्यांशेजारी ठेवीन. डबीवर नमुना आणणाऱ्याचं नाव असतं. माझ्या नावाच्या वर तुझं लिहीन, यमुनाबाई, उमापूर. हा शब्द देतो.

गाठोडं सोडताना विचारायचं राहिलं. आता विचारतो, आक्का, हात लावू का?

तुझा,
बापू