भिंतीवरचं त्रेचाळिसावं नाव

४ फेब्रुवारी

चि. दातपाड्यास,
अ. उ. आ.

इथे मी ठीक. कानातलं यंत्र तेवढं शिट्ट्या मारतं, त्यामुळे फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही आणि मी काय बोलते ते सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून हे पत्र. तुझं अक्षर कसंही असलं तरी निदान शिट्टी मारत नाही.

काम आहे. बंदरावरची बुडालेल्या खलाशांची भिंत पाडून नवी बांधतायत. नव्या दगडावर नाव कोरायचं तर माणूस खरोखर बुडाल्याचा कागद हवा, असं स्मारक समितीच्या चिटणिसांनी ठरवलंय. मी म्हटलं, बुडताना पावती घ्यायची असते हे आमच्या बाबांना कुणी सांगितलं नसावं. ते हसले नाहीत. समितीवर गेलं की माणसाचं हसणं जमा करून घेतात बहुतेक. तीस एप्रिलच्या आत ज्याचा कागद येणार नाही त्याचं नाव गाळणार.

माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, त्या भिंतीवर त्रेचाळिसावे आहेत. त्यांचं जहाज गेलं तेव्हा मी चार वर्षांची होते. तुझा बाप त्यानंतर सात महिन्यांनी जन्मला. मला त्यांचा चेहरा आठवत नाही रे. फोटो नाही. आहे ते एवढं नाव, तेही दगडावर. साठ वर्षं झाली, दर सोमवारी मी ते ओल्या फडक्याने पुसते. कधी कधी पुसताना वाटतं, आतून कुणीतरी तेच पुसतंय.

जहाजांची जुनी दप्तरं तुझ्या शहरात आहेत. कवळ्या दोन दिवस थांबतील. ज्यांना दातच नाहीत ते तुला चावणार कसे? जा आणि कागद आण.

लोभ आहे तो जपून वापर.
तुझी आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन्ही शनिवार दप्तरखान्यात घालवले. चौथ्या मजल्यावर लांबच लांब खोली आहे. खिडक्यांना निळसर काचा, त्यामुळे दुपारचा उजेड पाण्याखालून आल्यासारखा येतो. त्यात सगळे सावकाश हलतात, खोकतातसुद्धा सावकाश. कपाटांच्या राखणीला एक बाई आहेत. त्या इतक्या हळू बोलतात की पहिल्या दिवशी मला वाटलं माझेच कान गेले, आत्यावर गेलो. त्यांना मी मनातल्या मनात दप्तरवाल्या बाई म्हणतो.

आजोबा सापडले. पाच सफरींत सापडले. कधी कोळसा ओढणारे, कधी दोरखंडवाले, शेवटी सुकाणूवर. एका पानावर चोविसाव्या वर्षी गेलेले, दुसऱ्या पानावर सव्वीस वर्षांचे होऊन परतलेले, मधे नुसतं पाणी. प्रत्येक सफरीआधी कंपनीचा डॉक्टर खलाशाला तोंड उघडायला लावायचा आणि खुणा लिहायचा. पाचही वेळा लिहिलंय: उंची पाच फूट पाच इंच, वरचा पुढचा डावा दात नाही. आत्या, चेहरा नाही मिळाला, पण चेहऱ्यातली एक फट मिळाली. घरी येऊन मी मेणाचा जबडा केला, तेवढा दात सोडून. तो आता कारखान्याच्या खिडकीत ठेवलाय. चारच्या उन्हात तो हसतो.

बुडालेल्या जहाजाची यादीही मिळाली. त्यात आजोबांचं नाव आहे, पुढे ‘बुडाला’ असा शिक्का. तुझ्या चिटणिसांना एवढं पुरे.

मला मात्र पुरत नाही. त्या सफरीआधीची डॉक्टरची नोंद म्हणते: उंची पाच फूट दहा इंच, दात पूर्ण. बत्तिसाव्या वर्षी माणूस पाच इंच वाढत नाही, आणि पडलेला दात परत उगवत नाही. उगवत असता तर मी उपाशी मेलो असतो. खोटा दात असेल म्हणावं, तर खोटे दात वेगळ्या रकान्यात लिहायचा नियम होता, कारण वादळात लोक ते गिळायचे. तो रकाना कोरा आहे.

आणखी एक. जन्मनोंदी त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर आहेत. तिथे बाबांचा जन्म जहाज बुडाल्यावर दोन वर्षांनी लिहिलाय. सात महिन्यांचं काय?

तुझ्या धाकातला,
दातपाड्या

२ मार्च

चि. दातपाड्यास,
आशीर्वाद.

मी तुला कागद आणायला पाठवलं होतं, माझ्या बापाचे दात मोजायला नाही. जन्मनोंदीचा कारकून दारुडा होता. यादीची नक्कल पाठव आणि तो मेणाचा जबडा वितळव.

आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

नक्कल सोबत आहे, शिक्क्यासकट. ती समितीला दे, नाव राहील, आणि मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. मी इतरांची तोंडं उघडणारा माणूस आहे, मला ते कठीण नाही. जबडा मात्र वितळवला नाही. माफ कर.

एकच गोष्ट सांगतो, कारण ती मी शोधली नाही, आपण होऊन आली. मी नक्कल घ्यायला गेलो तर दप्तरवाल्या बाईंनी न मागता एक वही पुढे ठेवली. खलाशांच्या घरच्यांना औषध मिळायचं त्या दवाखान्याची. आजोबांची सही आहे. मुलगी, वय चार, घटसर्प, घशाचं औषध नेलं. तारीख मी बाईंकडून परत वाचून घेतली, आत्या. जहाज सुटल्यावर दोन दिवसांनीची तारीख आहे.

जहाज समुद्रात, माणूस औषधाच्या रांगेत. तुला तो आजार आठवतो का? वाटलं तर सांग. नाही वाटलं तर हवापाण्याबद्दल लिही, तेही आवडीने वाचीन.

तुझाच

२४ मार्च

चि. दातपाड्यास,
अ. उ. आ.

हवापाणी बरं आहे. आता दुसरं सांगते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

आजार आठवतो. घशात काटे, आणि भिंतीवरून जाणारा उजेड. आमच्या खोलीच्या खिडकीतून दिवेनौका दिसायची. खडकांपाशी नांगरून ठेवलेलं, कुठेही न जाणारं जहाज, वर मोठा दिवा. दिवेलागणीला तो सुरू झाला की त्याचा पट्टा आमच्या भिंतीवरून फिरायचा. मी सात आकडे मोजायचे, की परत यायचा. बाबा गेल्यावर मला वाटायचं, ते दिसतील तर त्या पट्ट्यातच.

त्या नौकेवरचा एक माणूस जहाज बुडाल्यानंतर आमच्याकडे यायला लागला. दाट दाढी, बोलणं थोडं. दोन महिन्यांनी एकदा सुटी मिळाली की यायचा. आई म्हणायची, तो बाबांचा दोस्त. मी त्याला दिवेवाला म्हणायचे. दोन वर्षांनी तुझा बाप झाला. कंपनीच्या खोल्यांत भिंती पातळ असतात, लोक काय बोलायचे ते मला पाठ होतं. आईने शाळेत तुझ्या बापाचं वय वाढवून सांगितलं, मी तेच पुढे चालवलं. सात महिने, सात महिने. आईची अब्रू आणि बाबांचं नाव, दोन्ही मी एकटीने धरून ठेवली असं मला वाटायचं.

नऊ वर्षांची असताना मी त्या माणसाला सांगितलं, की ही खुर्ची माझ्या बाबांची आहे, तुम्ही यावर बसायचं नाही. तो उठला. मला वाटलं रागावेल. तो उंबरठ्यावर जाऊन बसला. पुढे सहा वर्षं जेव्हा जेव्हा आला तेव्हा उंबरठ्यावरच बसला, भर थंडीतसुद्धा. मग नौकेवरच न्यूमोनियाने गेला. मी पंधराची होते. मी रडले नाही.

आई शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, तुला त्या दिवेवाल्याबद्दल काही सांगायचंय. मी खिडकी लावायला उठले आणि विषय बदलला.

तुझ्या बापाला मी वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. पण अर्धा भाऊ समजून. त्याला कधी कळू दिलं नाही, पण मला तर माहीत होतं ना.

दिवेवाल्याचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाठवते. बघ त्याची काही नोंद आहे का. समितीला मी अजून काहीच दिलेलं नाही.

आत्या

६ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र सकाळी उघडलं असशील तर आधी चहा घे.

दप्तरवाल्या बाईंनी त्या काळची एक रीत सांगितली. प्रत्येक खलाशाकडे एक पुस्तक असायचं, तेच त्याचं नावगाव. ज्याला सफर टाळायची असेल तो आपलं पुस्तक दोस्ताला द्यायचा, दोस्त त्याच्या नावाने जायचा. जहाजावरचा अधिकारी नाव वाचायचा, चेहरा नाही. दात बघणारा डॉक्टर वेगळा आणि त्याचा कागद वेगळ्या कपाटात. ही दोन कपाटं सत्त्याहत्तर वर्षांत कुणी एकाच दिवशी उघडली नव्हती. त्यासाठी तुझा कवळ्या बनवणारा भाचा जन्मावा लागला.

तुझ्या चिठ्ठीतलं नाव सापडलं. आधीच्या सफरींत त्या नावाचा माणूस पाच फूट दहा इंच, दात पूर्ण. त्याला दिवेनौकेवर नेमणूक मिळाली ती आजोबांचं जहाज सुटलं त्याच आठवड्यात. आणि नौकेवर रुजू होताना त्याच नावापुढे डॉक्टर लिहितो: पाच फूट पाच इंच. वरचा पुढचा डावा दात नाही.

आत्या, तुला घटसर्प झाला होता. आजोबांनी आठ महिन्यांची सफर दोस्ताला दिली आणि त्याची नेमणूक स्वतः घेतली, कारण ते जहाज तुझ्या खिडकीतून हलणार नव्हतं. आठ महिन्यांनी पुस्तकं परत बदलायची असणार. जहाज आलंच नाही. खरं सांगितलं असतं तर तुरुंग होता, आणि तुमची खोली गेली असती. म्हणून ते कागदावर मेले आणि दर सात आकड्यांनी तुझ्या भिंतीवरून जात राहिले. दाढी वाढवली, ती तो दात झाकायलाच असावी. तुला कसं सांगणार? चार-पाच वर्षांच्या पोरीने शाळेत एका दमात सांगून टाकलं असतं.

उंबरठ्यावर बसायचा तो तुझा बाप. आणि माझा बाप तुझा सख्खा भाऊ, अगदी पुरा.

बुडालेल्या दोस्ताच्या नोंदीत वारसाच्या रकान्यात ‘कुणी नाही’ असं लिहिलंय. तो का तयार झाला हे कुठेच लिहिलेलं नाही.

पहिली नक्कल तुझ्याकडे आहेच. आता दवाखान्याची नोंद आणि डॉक्टरच्या दोन नोंदी, या तिन्हींच्या नकला पाठवतो. कोणती द्यायची ते तू ठरव. मी तुझ्या बाजूला आहे, बाजू कोणतीही असो.

तुझा पुरा भाचा,
दातपाड्या

५ मे

चि. दातपाड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस कान बंद ठेवले. यंत्र काढून ठेवलं. कानात नुसतं पाणी हलल्यासारखं वाटायचं. मला एकसारखा त्याचा, म्हणजे बाबांचा, चेहरा दिसायला लागला. कारण तो मला चांगला माहीत होता रे. अकरा वर्षं पाहिलाय. डोळ्यांच्या कडांना मिठाने पडलेल्या बारीक रेघा, उजवी भुवई जरा वर. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासाठी मी दगड पुसत होते, तो मी स्वतःच बाजूला ठेवून दिला होता, परक्याचा म्हणून.

अठ्ठावीस तारखेला चारी कागद घेऊन समितीत गेले. चिटणिसांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, परत वाचले. मग हळूच म्हणाले, आजी, बाकीचे तीन कुणी मागितलेले नाहीत, पहिल्यावर नाव राहतंय, कशाला खोदताय. चांगला माणूस आहे, उगाच बोलले मी त्याला. मी म्हटलं, बाबांचं नाव काढा आणि त्या जागी जो खरंच बुडाला त्याचं घाला. ते म्हणाले, त्यासाठी नातेवाइकाचा अर्ज लागेल, तुम्ही त्यांच्या कोण? फॉर्मवर नात्याला एवढीशी जागा. मी लिहिलं, माझ्या आजारपणात हा आमच्या घरचं काम करायला गेला होता. चिटणिसांनी त्यावर शिक्का मारला.

तुझ्या बापाला हे सांगायला हवं होतं. तो आता नाही, म्हणून तुला सांगते: मी त्याच्यावर माया केली, पण मोजून केली. उरलेली तुझ्याकडे वळवते, तू कुरकुर न करता घे. जून लागला की ये. जबडा आण, मला बघायचाय.

काल भिंत उघडली. भाषणं झाली, नेहमीसारखी, बुडणं त्यापेक्षा बरं अशी. लोक पांगल्यावर मी जवळ गेले. त्रेचाळिसाव्या जागेवर त्या दोस्ताचं नाव आहे, अक्षर सुबक आलंय. त्याला मी सांगितलं की मी बरी झाले. मग भिंत वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली, बोट ठेवून, समुद्राचं ऊन दगडावर हलत होतं. बुडालेल्यांत माझा बाप कुठेही नव्हता. हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले असणार, की शेजारच्या बाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना परत एकदा सांगितलं.

तुझी आणि तुझ्या बापाची,
आत्या