दादाच्या नावाचा भुंगेरा

४ मार्च
आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना तो लिहून ठेवणारं कुणीतरी लागतं, आणि इथे माझ्याशिवाय कुणी नाही. म्युझियमच्या कीटक विभागात आयुष्य गेलं ते दुसऱ्यांनी शोधलेल्या किड्यांना टाचण्या टोचण्यात. आता माझी पाळी. गेल्या उन्हाळ्यात डोंगरात, खिंडीच्याही वर, बर्फ वितळून माती उघडी पडते तिथे, एका दगडाखाली तीन भुंगेरे मिळाले. उडता न येणारे, पण धावायला पक्के. तिथले बाकी सगळे भुंगेरे काळे कुळकुळीत. हे तिघे चहासारखे तपकिरी. नवी जात. दुसरं काही असूच शकत नाही.
दगड दादाने उचलला होता. बूट काढून बसायला सपाट जागा करत होता. पण नुसता दगड उचलणं म्हणजे शोध नव्हे.
संकल्प: महिनाअखेरीला वर्णन लिहून तयार. जातीला नाव दादाचं, पुढे लॅटिन शेपूट. दादाला आत्ताच सांगायचं नाही. मासिकाचा छापलेला अंकच हातात ठेवायचा.

५ मार्च
लिहायला बसलो. शीर्षक झालं. शीर्षक जमलं की अर्धं काम झालंच. बाकीचा दिवस पेन्सिलींना टोकं केली.

९ मार्च, रविवार
दादाकडे जेवायला. थोरला भाऊ असून दरवर्षी माझ्या हाताखाली डोंगरात येतो आणि दरवर्षी कुरकुरतो. धंद्याने दातांचा डॉक्टर. म्हणतो, वर्षभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि सुट्टीत दगडांखाली. आज जेवला नाही. अर्धं सूप तसंच ठेवलं. वजन मात्र छान उतरलंय. मी अभिनंदन केलं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. भांडी फार पडली असणार.

१४ मार्च
विभागप्रमुख बाईंनी विचारलं, नर उघडून पाहिला का. या भुंगेऱ्यांची जात शेवटी नराच्या जननेंद्रियावरून ठरते. बाहेरून वेगळे दिसणारे आतून एकच निघतात, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मलाच शिकवलं. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणालो. खरं तर गरज नाही, नजर तयार आहे. शिवाय तिघांत नर एकच. सुई चुकली तर काय घ्या.

२२ मार्च
वहिनीचा फोन. गुरुवारी मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय, भाऊजी तुम्ही बरोबर या, ऐकायला दोघं असलेली बरी. येतो म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

२७ मार्च
जाणं झालं नाही. पायांवरच्या काट्यांचं वर्णन ऐन रंगात आलं होतं. संध्याकाळी फोन केला. वहिनी म्हणाली, डॉक्टर म्हणाले, वेळ फार नाही. हल्ली मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतोच. मी सुचवलं, जरा निवांत बसून बोलणारा दुसरा गाठा. फोन मधेच बंद झाला. लाइन तुटली असावी.

३१ मार्च
महिनाअखेर. वर्णन जवळजवळ तयार. काटे पूर्ण. बाकीचा भुंगेरा राहिला.

८ एप्रिल
यंदाच्या मोहिमेची आखणी. आणखी नर हवेत, म्हणजे तो एकुलता एक उघडायचा प्रश्नच मिटेल. दादासाठी नवे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, घालणाऱ्याला आणलं नाही का. म्हटलं, सख्ख्या भावाच्या पायाचं माप मला ठाऊक आहे.

९ एप्रिल
बूट होत नाहीत. दादाचे पाय सुजलेत. दिवसभर खुर्चीशी उभं राहून रुग्ण बघतो, दुसरं काय होणार. वहिनी म्हणाली, दवाखाना जानेवारीपासून बंद आहे. मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगितलं होतं. बूट बदलून आणायचं ठरलं. दादाने विचारलं, झालं का तुझ्या झुरळाचं. नाव अगदी ओठावर आलं होतं. आवरलं. अशा गोष्टीला मुहूर्त लागतो.

२० एप्रिल, रविवार
दादाचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणलाय. उजेड चांगला येतो तिथे. मीही त्याला हेच सांगत होतो. चहा बशीत ओतून वहिनीने पाजला. मला जागा पुरेना म्हणून उभाच राहिलो. उभ्याउभ्याच निघालो.
मोहीम जूनवर ढकलली. मेमध्ये तसाही बर्फ फार असतो.

६ मे
बाईंनी आज निक्षून सांगितलं. नर उघडल्याशिवाय हे कागद माझ्या टेबलावर ठेवू नका. ठीक आहे. उद्या उघडतो आणि सगळ्यांची तोंडं बंद करतो.

७ मे, दुपारी
नर कोमट पाण्यात मऊ केला. सुई चुकली नाही. हात जरासुद्धा हलला नाही. भिंगाखाली धरला.
काळ्यासारखाच. केसाचाही फरक नाही.
भिंग पुसलं. बल्ब बदलला. कपाटातून काळा काढून शेजारी ठेवला. कोणता कुठला ते मलाच कळेना.
बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, नुकतेच कोषातून बाहेर पडले होते हो. अंगावर रंग चढायचा होता. थोडे दिवस मिळाले असते तर हेही काळे झाले असते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, बल्बचाच दोष असणार.

७ मे, संध्याकाळी
थेट दादाकडे गेलो. बसायला जागा होती, बसलो. त्याचा हात हातात घेतला तर काडीसारखा. आजवर नीट पाहिलाच नव्हता. जाताना ठरवलं होतं की काय ते सरळ सांगून टाकायचं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दादा, छापून आलं. तुझं नाव दिलंय त्याला."
तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खोटं बोलताना तुझा ओठ डावीकडून उचलला जातो. सुळा दिसतो. शाळेपासून."
मी ओठावर हात ठेवला. तोच म्हणाला, असू दे, वाच तरी काय लिहिलंयस. कागद बरोबर नव्हते. पण पाठ होतं. डोकं लहान. मानेमागची ढाल रुंद. पंखांवरची झाकणं एकमेकांना जोडलेली, म्हणून उडता येत नाही. पाय लांब. बर्फाच्या कडेला, ओल्या दगडाखाली राहतो. उजेड पडला की धावत सुटतो. दादा डोळे मिटून ऐकत होता. काट्यांचं वर्णन त्याने दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. ते चांगलंच उतरलंय.
मग म्हणाला, "हिलाही सांग. ओठ सांभाळून."
मी सर्दी झाल्यासारखा रुमाल नाकातोंडाशी धरून वहिनीला सांगितलं. वहिनी हसली. ती अशी हसते हे मी विसरलो होतो.

८ मे
विचार केला. रंग चढायचा होता हे बाईंचं मत झालं. मत म्हणजे पुरावा नव्हे. दादा जरा सावरला की दोघं वर जाऊ आणि पुराव्यानिशी बोलू.

१९ मे
दादा गेला. सकाळी.

२ जून
रोज माणसं येतात. त्याने दात काढलेली, बसवलेली. खुर्च्या शेजारून आणाव्या लागतात. वहिनी प्रत्येकाला सांगते, यांच्या नावाचा भुंगेरा आहे, वर बर्फापाशी राहतो, भाऊजींनी शोधला. माणसं माझ्याकडे वळून आदराने बघतात. मी खुर्च्या मोजतो.
आज सगळे गेल्यावर तिने विचारलं, तो छापलेला अंक मिळेल का, घरात एक असावा. मी रुमाल शोधला, खिशात नव्हता. तसंच सांगितलं, छपाईत जरा घोळ झालाय, पुढच्या महिन्यात नक्की देतो.
वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग पेले उचलायला लागली.
"घाई नाही, भाऊजी," म्हणाली. "आता कसली घाई."