आबांच्या कानाची डबी

कुंडल, २ नोव्हेंबर १९७४

शाळेला सुट्टी लागली. सांगलीला जाऊन सामान आणलं. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कंडेन्सर, एक छोटा माइक, कानात घालायचा इअरफोन, पेन्सिल सेल. सगळं एका पुडीत मावलं. सोल्डरिंग आयर्न तेवढं बाहेर.

रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, ट्रान्झिस्टर एक जादा न्या. पहिला जळतो." राग आला. तरी घेतला.

मासिकातला जोडणीचा नकाशा विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळायला हवा. अर्धा कळतो. वर्गात मी बॅटरी, बल्ब आणि विजेची घंटा यांच्या पुढे कधी गेलेले नाही.

३ नोव्हें.

आबांनी विचारलं, हे काय मांडलंय. पाटीवर लिहिलं: तुम्हाला ऐकू यायचं यंत्र करतेय. ते हसले. "मास्तरीण, तोफखान्यातनं पेन्शन आली, कान तिकडंच ऱ्हायलं. आता कुठं आणतीस?"

मिरजेच्या डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं, आवाज मोठा केला तर थोडं ऐकू येईल, विकतचं यंत्र घ्या. आबा तेव्हाही म्हणाले, म्हाताऱ्याला कशाला. विषय संपला.

घरात आता सासऱ्यांना कुणी काही सांगत नाही. ओरडून बोलायचा कंटाळा. मलाही येतो. म्हणून हा उद्योग. उदात्त कारण नाही.

७ नोव्हें.

पहिला जळला.

ट्रान्झिस्टरचे तीन पाय एकाच बाजूला, कुठला कुठला ते नीट पाहिलं नाही, वर आयर्न जास्त वेळ टेकवलं. आता पाय पक्कडीत धरून मग सोल्डरचा डाग द्यायचा. बोटाला फोड. स्वयंपाक कुसुमनं केला. माझी नणंद माझ्यापेक्षा भाकरी चांगली करते, हे आज दोघींनी मान्य केलं.

ह्यांनी पाहिलं असतं तर हसले असते. पठाणकोटला आहेत. हसणं पत्रातून येईल.

१४ नोव्हें.

दिवाळी झाली. डबी वाजली, पण नुसती शिट्टी. इअरफोन माइकपासून लांब नेला की शिट्टी बंद, जवळ आणला की सुरू. म्हणजे आवाज स्वतःचंच ऐकतोय. आवाज वाढतो तर आहे! वायर लांब केली.

शंकरभावजी दारातून म्हणाले, "वैनी, साप बाहेर येत्याल."

१७ नोव्हें.

सगळं साबणाच्या डबीत बसवलं. आबांच्या बंडीच्या खिशात डबी, कानात इअरफोनचं बोंडूक. मी हळूहळू बटण फिरवलं.

त्यांनी मान परसाकडे वळवली. मग म्हणाले, "शंकर बैलास्नी लय शिव्या देतो गं."

गोठा मागे आहे. मला त्या ऐकू येत नव्हत्या, म्हणजे सवयीनं येईनाशा झाल्या होत्या.

दिवसभर अंगणात फिरत होते. कपाळावर आठ्या. संध्याकाळी डबी परत दिली: "कापड घासलं तरी तोफ उडाल्यागत होतंय. पर ठेव. उद्या घालतो."

२३ नोव्हें.

शब्द मध्येच तुटतात. कुठला तरी डाग कच्चा आहे. चांगला डाग चकचकीत दिसतो, कच्चा राखाडी. माझे निम्मे राखाडी. सगळे पुन्हा दिले. थोडा फरक. आबा म्हणतात आता दोन शब्द येतात, एक जातो.

शाळा सुरू झाली. मुख्याध्यापकांनी डबीबद्दल विचारलं. गावात कळलंय तर.

१ डिसेंबर

कुसुमला पाहायला कोयनानगरची मंडळी आली. मुलगा, वडील, चुलता. मुलगा प्रकल्पावर नोकरीला, राहायला कॉलनीत क्वार्टर. शांत वाटला. पोहे सगळे संपवले, जे पाहुणे सहसा करत नाहीत. कुसुमनं एकदाच वर पाहिलं. मी पाहत होते म्हणून दिसलं.

आबा पुढच्या सोप्यात, कोपऱ्यात, अंगावर शाल. डबी शालीच्या आत, चालू. पाहुण्यांना शंकरभावजींनी सांगून टाकलं होतं, आबांना ऐकू येत नाही. ते काही खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. मी चहा आणायला उठले.

मंडळी खूश होऊन गेली. भावजी तर इतके खूश की स्वतः चहा ठेवला. कुसुमचं झालं की त्यांचं ठरायचं आहे.

आबा म्हणाले, "न्हाई. तिथं पोरगी द्यायची न्हाई."

२ डिसें.

सकाळपासून तेच.

आबांचं म्हणणं: आपण सगळे पानसुपारीच्या तयारीला आत गेलो, तेव्हा चुलता मुलाच्या बापाला हळू आवाजात म्हणाला, "आता कशाला सांगायचं? लगीन झाल्यावर आपसूक कळंल."

"काय सांगायचं?" मी मोठ्यानं विचारलं.

"ते न्हाई आलं. त्याच्या आदी खरखर."

भावजी चिडले. "आवं आबा, त्यो म्हणला आसंल, आता कशाला थांबायचं! एस्टीचं बोलत हुते ते. त्या डबड्यानं काय बी ऐकू येतंय तुमास्नी." मग माझ्याकडे वळून, "वैनी, तुमीच सांगा. तुमची डबी बरोबर बोलती का?"

मी म्हटलं, बघून सांगते.

सगळे माझ्याकडे बघत होते. कुसुमसुद्धा. एका मुलीचं लग्न माझ्या राखाडी डागावर येऊन थांबलं आहे. असं काही होईल हे नकाशात नव्हतं.

४ डिसें.

परीक्षा घेतली. आबा कोपऱ्यात, मी चुलता बसला होता तिथे, आवाज तेवढाच. तोंडावर पदर, म्हणजे ओठ दिसू नयेत.

"उसाला तोड सोमवारी येणार." आबा: "उसाला तोड... फुडं गेलं."

"गवळणीनं दूध कमी घातलं." "दूध कमी घातलं."

"पाटलांच्या म्हशीला रेडकू झालं." "पाटलांच्या म्हशीला... कायतरी झालं."

बराच वेळ असंच. डबी शब्द गाळते, बदलत नाही. एकदाच बदलला: मी 'मामा' म्हटलं, आबा 'आमचा' म्हणाले. भावजी दारात उभे होते. "बगा," म्हणाले आणि गेले.

खरं काय ते सांगायचं तर मला माहीत नाही. तसंच सांगितलं. दोघेही नाराज.

५ डिसें.

कुसुम भांडी घासत होती. मी विसळत होते. म्हणाली, "वैनी, मला कुणीच इचारलं न्हाई."

"काय विचारायचं?"

"मला त्यो कसा वाटला त्ये."

"कसा वाटला?"

ताट बराच वेळ घासलं. "बरा वाटला. म्हणून तर म्हणती, काय लपिवलंय ते कळाय पायजे. आबा न्हाई म्हणत्यात, शंकरदादा व्हय म्हणतोय. काय हाय त्ये दोगास्नीबी ठावं न्हाई."

मग म्हणाली, मीच जाऊन विचारते.

मी हसले. ती हसली नाही.

६ डिसें.

भावजी: "पोरगी आपणहून सासरी इचाराय जाती? लोकं काय म्हणतील?"

कुसुम: "सासर झालं न्हाई अजून."

आबांनी हे स्वतः ऐकलं. डबी कानात होती. एरवी असली भांडणं त्यांच्या डोक्यावरून जायची आणि आम्ही सांगायचो, काही नाही, काही नाही. आज त्यांनी कुसुमकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी येतो संगं. रविवारच्या पैल्या गाडीनं."

भावजी जेवले नाहीत.

८ डिसें.

दोघं गेली. नवे सेल घातले, डाग पुन्हा तपासले. कराडला गाडी बदलायची, मग पाटणवरून घाट. एस्टीत इंजिनच्या आवाजानं कान फुटेल, तिथे बंद ठेवा असं आबांना दोनदा सांगितलं. "हुकूम," म्हणाले.

दिवसभर वह्या तपासल्या. किती मुलांचे गुण चुकले असतील देव जाणे.

९ डिसें.

आज दुपारी परतली. रात्री पाटणला आबांच्या जुन्या दोस्ताकडे मुक्काम केला.

आबा हातपाय धुऊन झोपले. कुसुम माझ्यामागे परसात आली.

म्हणाली, क्वार्टर चांगली आहे. चहा पिताना जमीन हलली, मांडणीतली भांडी वाजली, पण घरातल्या कुणी वरसुद्धा पाहिलं नाही. चुलता, बाप दोघेही होते. आबांनी सरळ विचारलं, काय लपवताय. ते म्हणाले, काही नाही, तुमचा काहीतरी गैरसमज. तेवढ्यात मुलगा उठला. "मी सांगतो," म्हणाला, "पर फकस्त हिला."

दोघं व्हरांड्यात आली. आबाही मागोमाग आले, राखण म्हणून. मुलगा त्यांच्या खिशातल्या वायरकडे बघून थांबला.

"मग?"

"मग मी आबास्नी म्हणलं, डबी बंद करा. त्यांनी केली. माज्यासमोर बटान फिरिवलं आन तोंड धरनाकडं करून बसलं."

मुलाला लहानपणापासून आकडी येते. आता बराच काळ आलेली नाही, गोळ्या चालू आहेत. मशीनपाशी काम. वर कळलं तर नोकरी जाईल, म्हणून बाप आणि चुलता कुणाला सांगू देत नाहीत. कुसुमला म्हणाला, मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पोहे खाताना तोंडात आलं होतं.

म्हणजे आबांनी बरोबर ऐकलं होतं. डबी बरोबर होती. आनंद व्हायला हवा होता.

"आता काय करायचं ठरवलंस?"

"अजून न्हाई ठरिवलं. त्यानं सांगितलं, ह्ये बी धराय पायजे ना वैनी? आन आकडी बी धराय पायजे." थोडं थांबून, "तुमी कुणाला सांगू नगा. दादाला तर न्हाईच. त्याची नोकरी जाईल."

'त्याची' म्हणजे मुलाची. घरच्याच माणसाबद्दल बोलावं तसं कुसुम चुकून म्हणाली असेल. किंवा नसेल.

१० डिसें.

भावजींनी सकाळी विचारलं, काय झालं तिकडं. कुसुम म्हणाली, बोलणं झालं. पुढे काही नाही. ते आपटत धोपटत उसात गेले.

मी शाळेला निघाले तेव्हा आबा ओट्यावर. मला थांबवलं.

"तुला सांगितलं तिनं?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळेल अशी.

"वंगाळ हाय का लय?"

आकडी वाईटच. आणि मुलगा वाईट नाही.

आबा म्हणाले, "तिनं बंद कर म्हणलं, म्हणून केली मी. गुपचूप चालू ठेवली आसती तर तिला कुठं कळलं आसतं?"

मग वाट बघत बसले. बोंडूक कानात होतं. मी ओरडले नाही. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आबा, तिलाच विचारा. आणि ती सांगेपर्यंत थांबा."

ऐकलं. उठून आत गेले. कुसुम चुलीपाशी होती. शाळेची घंटा होईल म्हणून मी निघाले.