पुढच्या टोकावरची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

भिंगरीस आत्याचे आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. टपली पत्र न पाठवल्याबद्दल.

मी ठणठणीत आहे. अक्षर मोठं बघून दचकू नकोस. नेहमीचं पेन संपलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारानं खोक्यांवर नाव घालायचं जाड पेन माझ्या गळ्यात मारलं. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तोही त्या पेनाचाच दोष समज. तुझ्या बाबालाही मी याच पेनानं लिहिलं, तर तो म्हणाला, ताई, तू ओरडतेयस असं वाटलं. मी काहीही म्हटलं तरी त्याला नेहमी तसंच वाटतं.

होडी वर ओढून तळ खरवडून घेतला. रंगही झाला. डुलक्यानं निम्मा रंग दिला आणि निम्म्यावर ब्रश हातात धरून झोपला. इतकी वर्षं माझ्याबरोबर होडीवर आहे, पण टोपी नाकावर ओढून डुलक्या काढायची त्याची सवय काही जात नाही. गालावर अजून निळा पट्टा मिरवत फिरतोय. म्हटलं, राहू दे, निदान कुठे हरवलास तर होडीचा माणूस म्हणून ओळखू येशील.

पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्यात. डॉल्फिन यंदा लवकर आले आणि बाहेरच्या खडकांपाशी असतात. मोटरवाले नेहमीसारखे त्यांच्यामागे घरघरत पळतात. आपण त्या पाण्यात इंजिन लावत नाही, याचं त्यांना अजून हसू येतं. हसोत बापडे. शिडावर सरळ चालत राहिलं की होडीच्या पुढे जी लाट उठते तिच्यावर खेळायला ते आपणहून येतात, हे तुला सांगायला नको. तू नऊ वर्षांची असताना पुढच्या टोकावर पालथी पडून त्यांच्याशी तासभर भांडली होतीस.

तुझं कसं चाललंय? लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन अजून तूच घेतेस का? मागच्या वेळी आलीस तेव्हा झोपेतसुद्धा बडबडत होतीस, "घाबरू नका, माणूस निघालाय." मी पांघरूण तोंडात कोंबून हसत होते.

जाताना मात्र तोंड फुगवून गेलीस. चहा कपाबाहेर ओतला, एवढंच ना? जन्म होडीवर काढलेल्या बाईचा हात थोडा डुलायचाच. त्यावरून डोळे तपास, डोळे तपास म्हणून किती डोकं खायचं!

हां, जाता जाता एक. महिनाअखेरीस परवान्याची तपासणी आहे. बंदराचा साहेब दोर बघतो, शीड बघतो आणि मग भिंतीवरचा फलक लांबून वाचायला लावतो. तू तुझा परवाना काढलास तेव्हाही तोच फलक होता ना? त्यावर कुठली अक्षरं आहेत, आठवतं का? सहज विचारतेय.

सगळं व्यवस्थित असलेली,
तुझी आत्या


रविवार, १६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "आत्या, फलकावर काय आहे ते मी सांगणार नाही, तुला काय दिसतं ते तू सांग." बस्स. ना आशीर्वाद मागितलेस, ना हवापाणी विचारलंस. दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. डुलक्यानं कारण विचारलं तर त्याच्यावरही डाफरले.

मग गुरुवारी जे झालं ते झालं, आणि आता तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

होडी भरलेली होती. एका बँकेतली माणसं होती, टोप्या, कॅमेरे, पिशव्या, सगळा लवाजमा. खडकांच्या अलीकडे मला पाण्यात काहीतरी काळं, गोल, वरखाली होताना जाणवलं. मी झोकात सुकाणूचा दांडा धरला आणि हाळी दिली, "तो बघा, मोठा नर आहे." सगळे त्या बाजूला धावले. होडी कलली. कॅमेरे कटाकट वाजले. मी आपली वर्षानुवर्षांची टकळी सुरू केली, हा म्हातारा आहे, एकटाच फिरतो, जरा घुमा आहे. शेवटी मागून एक बाई हळूच म्हणाली, "काकू, ते पिंप आहे."

रंगाचं रिकामं पिंप. आणि मी त्याचा स्वभाव सांगत होते.

सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, गंमत केली, बघत होते तुम्ही जागे आहात का. खपून गेलं. पण भिंगरे, तोंडात मारल्यासारखं झालं गं मला.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. परत येताना डुलक्या मध्येच टोपी न उचलता म्हणाला, जरा उजवीकडून घ्या, तिकडे वारा बरा आहे. मी घेतली. पुढच्याच क्षणी डावीकडून एक छोटी वल्ह्याची होडी घासून गेली आणि तिच्यातला माणूस माझा उद्धार करत होता. ती होडी मला दिसलीच नव्हती. डुलक्याला नेमकी तेव्हाच वाऱ्याची आठवण झाली नसती तर?

तर, मला काय दिसतं ते सांगते. तुझ्या ओळीचं उत्तर.

मधोमध काही नाही. कडेकडेचं बरं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. तू समोर उभी राहिलीस तर तुझे कान दिसतील, नाक नाही. डॉक्टरकडे गेले होते, तू चिडून गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात. तुला कळवलं नाही. ते म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण कडा शाबूत राहतील, पुरता अंधार होणार नाही. चष्म्यानं उपयोग नाही. मी मान डोलावली, घरी आले आणि जाड पेन विकत घेतलं. दुकानदारानं गळ्यात मारलं ते खोटं. प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून लिहितेय, म्हणून एक पत्र लिहायला अख्खी दुपार जाते.

आता तू म्हणशील, सोड दांडा. सोडायला हवा, कळतंय मला, मी काही खुळी नाही. पण दांडा सोडला तर मी कोण गं? लग्न केलं नाही, दुसरं काही शिकले नाही. माझ्या घरात चार खुर्च्या आहेत आणि एकीतही मला तासभर नीट बसता येत नाही. सकाळी उठून बंदरावर जायचं नाही, तर जायचं कुठे?

तुझ्यापुढे हे बोलायची लाज वाटत होती. तुला मी दांडा धरायला शिकवलं ना, म्हणून.

तुझी आत्या


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

लाडके भिंगरे,

तुझं मोठं पत्र आज सकाळी आलं. डुलक्यानं वाचून दाखवलं. "रडले" हा शब्द आला तिथे तो जरा अडला आणि खोकला. मग मीही खोकले. तू ओरडशील असं वाटलं होतं. ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं.

आता नीट ऐक, कारण सांगण्यासारखं बरंच आहे.

पिंपाच्या दिवसानंतर मी दांड्याला हात लावला नाही. डुलक्याला म्हटलं, खांदा भरलाय, तू धर. त्याचा परवाना आहेच. तो दांड्याशी जाऊन बसला. मी पुढच्या टोकावर जाऊन बसले, तुझ्या जागेवर. बुधवारी सकाळी बाहेर पडलो तर धुकं. खडकांपाशी पोचेपर्यंत इतकं दाटलं की शिडाचा वरचा भागसुद्धा नाहीसा झाला म्हणे. मोटरवाले हळूहळू होड्या फिरवून परत गेले. त्यांची घरघर लांब गेली आणि मग काहीच उरलं नाही. वारा अगदी मंद होता. मागे लोकांची कुरकुर सुरू झाली होती, एक गृहस्थ तर परत चला म्हणून डुलक्याच्या मागे लागले होते.

तेवढ्यात मला ऐकू आलं. फुगवलेल्या पिशवीचं तोंड एकदम सोडावं तसा श्वास. उजवीकडे, लांब. मग पुन्हा, जरा जवळ. आणि त्याच्या पाठोपाठ एक तोकडा, घाईघाईचा. आई आणि पिल्लू.

इतकी वर्षं मी हा आवाज ऐकत होते, पण ऐकून सोडून द्यायचे, कारण डोळे आधी धावायचे. डोळ्यांना काम नाही म्हटल्यावर कान कसे टवकारतात बघ. मी हात वर केला आणि म्हटलं, कुणी बोलू नका. डुलक्याला म्हटलं, अशीच सरळ चालू दे. त्या कुरकुऱ्या गृहस्थांना काही दिसेना, ते म्हणाले, कुठायत? मी म्हटलं, येतायत. वीसेक माणसं श्वास रोखून बसली. होडीवर इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. पुढचा श्वास सगळ्यांनी ऐकला, आणि मागून एक मुलगी कुजबुजली, "अगंबाई!"

मग ते आले. पुढच्या लाटेवर, अगदी माझ्या पायाखाली. मी पालथी पडले, या वयात, सगळ्यांसमोर. समोर बघितलं की पुसलं जातं, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. धुक्याकडे तोंड करून पडून राहिले, आणि ती माझ्या डोळ्याच्या कडेनं आली. राखाडी, ओली, चकचकीत पाठ. तिच्याजवळ चिकटून पिल्लाची. पिल्लू धडपडत होतं, लाटेवरून घसरत होतं, पुन्हा येत होतं. मी हात खाली सोडला तर त्यांनी ढकललेलं पाणी हाताला लागत होतं. भिंगरे, मला दिसलं. थोडं, कडेनं, पण दिसलं. मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

ते गेल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. ते कुरकुरे गृहस्थ पुढे आले, टोपी काढून म्हणाले, आम्हाला काही दिसत नव्हतं, तुम्हाला कसं दिसलं?

"मला दिसलं नाही," मी म्हटलं. "मला आता दिसतच नाही. ऐकू आलं."

बोलून गेले. मी मागे डुलक्याकडे तोंड केलं, म्हटलं, तुलाही सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. तो म्हणाला:

"मला माहीत आहे, ताई. तुम्ही मला डुलक्या म्हणता, पण दोन हंगाम झाले, होडीवर मी डोळा मिटलेला नाही."

टोपीखालून बघत असायचा गं तो. "आज त्या अंगानं वारा बरा आहे", "इकडून जाऊ, पाणी निवळ आहे", ही त्याची सगळी झोपेतली बडबड म्हणजे माझ्या वाटेतले खडक, होड्या आणि जाळी होती. आणि मी त्याला उठता बसता टोमणे मारत होते. घरी आल्यावर मी त्याला चहा करून दिला. कपातच ओतला, बोट आत धरून. तो म्हणाला, गरम आहे. मी म्हटलं, माझ्या बोटाला विचार.

काल तपासणी झाली. साहेबानं दोर बघितले, शीड बघितलं आणि म्हणाला, आता फलक वाचा. मी म्हटलं, भिंत आहे एवढं दिसतंय, तिच्यावर फलक आहे हे तुमच्या शब्दावर मानते. त्यानं पेन खाली ठेवलं. मग दांड्याचा माझा परवाना त्यानं काढून घेतला, आणि उठून मला दारापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, पुढे बसून वाट सांगायला कुठला परवाना लागतो? म्हणाला, कुठलाच नाही. बंदरावरून मी चालत घरी आले आणि तुला खरं सांगते, पायऱ्या चढताना हलकं वाटत होतं.

आता मोटरवाल्यांची गिऱ्हाइकंसुद्धा विचारत येतायत, ती कानानं डॉल्फिन दाखवणारी बाई कुठली होडी चालवते? डुलक्या सांगतो, ती चालवत नाही, ती आम्हाला चालवते. फार शहाणा झालाय.

पण डुलक्या दांडा या हंगामापुरताच धरणार आहे. त्याचे गुडघे बोलायला लागलेत आणि त्याची लेक त्याला तिच्याकडे बोलावतेय. जाऊ दे, त्यानं खरंच झोपायला हवं आता. तो गेला की होडीला दांड्यावर माणूस नाही. परवाना असलेलं, इंजिन न लावता डॉल्फिनच्या पाण्यातून होडी नेणारं, आणि मी "उजवीकडे" म्हटलं की का म्हणून न विचारणारं एकच माणूस मला ठाऊक आहे. म्हणजे, ते विचारतं, पण आधी होडी वळवतं.

मी ये म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, तुझी खोली आहे, तुझं तिथे काही असेल जे तू मला अजून सांगितलं नसशील. नाही आलीस तर पुढच्या हंगामात होडी दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, आणि तरीही मी तुझी आत्याच राहीन, रुसणार नाही. फार तर आठवडाभर. पण मनात ठेवून कुढण्यापेक्षा विचारलेलं बरं, हे मी याच महिन्यात शिकले, म्हणून विचारतेय. येशील का?

तुझ्या त्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तू फोनवर जे सांगतेस ना, यायचं ठरवलंस तर तेवढंच एक वाक्य मला लिहून पाठव. बाकी काही नको.

आणि जाड पेनानं लिही, मोठ्या अक्षरात. डुलक्याकडे देणार नाही मी ते पत्र. कडेकडेनं का होईना, मला स्वतःला वाचायचंय.

पुढच्या टोकावर, थोडी सरकून बसलेली,
तुझी आत्या