डाव्या सीटवरचे बटाटे

ग्लेनिस,

गाडीच्या सस्पेन्शनच्या बाबतीत माझी आजवर एकही चूक झालेली नाही. फक्त रेसिंग क्लबवाल्यांचं ऐकून मी आपल्या हातांनी जोडलेल्या गाडीला रेसच्या कडक स्प्रिंगा बसवल्या, आणि तुझ्या पाठीच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्याच फेरीत तू वाटेत श्रूजबरी गावात उतरून म्हणालीस, "गाडी सुंदर आहे रे. मी बसने येते."

त्याला दोन वर्षं झाली. रिकाम्या सीटशेजारी बसून वेगात जाण्यात काही मजा नसते, हे तुला सांगायचं राहिलं.

आज मऊ स्प्रिंगा बसवल्या. क्लबातला डेरेक म्हणाला, "त्यापेक्षा सोफ्यालाच चाकं लाव की!" लावली असती.

आता गाडीची उंची जुळवायची आहे, तीही दोघांचं वजन धरून. म्हणून माझ्या सीटवर वाळूची पोती आहेत आणि तुझ्या सीटवर बटाट्यांची, पट्टा लावून. वजन हॉस्पिटलच्या कागदावरचं घेतलंय, तू सांगतेस ते नव्हे.

डेरेककडून पाना घेऊन चारपर्यंत येतो. रविवारी बसून बघशील? तोवर त्या पोत्यांना हात लावू नकोस.

घरात दुसरे बटाटे नाहीत.

क्लाइव