पाठीवरची मोकळी जागा

३ नोव्हेंबर, केडगाव

आजपासून नोकरी सुरू. पुणे रस्त्यापासून थोडं आत पत्र्याची शेड, सहा शिलाई मशीन आणि एक टेबल, माझं. उसात बिबटे पकडायला जाणाऱ्या पथकांसाठी इथे खिशांची जॅकेटं शिवतात. वॉकीटॉकी, टॉर्च, दोर, सुरा, औषधं, पाणी मिळून ६.८ किलो. हे वजन अंगावर कुठे किती ठेवायचं, ते मी ठरवायचं. मालक सुहाससर म्हणाले, मागच्या खेपेला एकाची टॉर्च खिशातून निघेचना, बिबट्याच कंटाळून गेला. राहायची खोली वरच आहे. ऊन भरपूर येतं. छान वाटलं.

५ नोव्हेंबर

सगळं कमरेच्या पट्ट्यावर टाकलं तर जीपमध्ये बसता येत नाही. सगळं छातीवर टाकलं तर पालथं पडून सरकता येत नाही. साठ टक्के कमरेला, चाळीस छातीला, असं ठरवलं. जुन्या जॅकेटांना मानेखाली वाळूची शिवलेली थैली आहे, ९०० ग्रॅम. तिथे हातही पोचत नाही. शिवणकाम बघणाऱ्या छबूबाईंना कारण विचारलं. म्हणाल्या, ती जागा मोकळी ठेवायची न्हाई, ताई. इंजिनियरीत शिकवलं न्हाई व्हय? सगळ्या मशिनी थांबवून बायका हसल्या. मी थैली काढून टाकली.

८ नोव्हेंबर

बेलापूरजवळच्या उसात चाचणी, भर दुपारी. पथकाचे प्रमुख मच्छिंद्र नवं जॅकेट घालून आत पळाले, सरपटले. बाहेर येऊन म्हणाले, लई हलकं, आता बिबट्याच माझ्यामागं धापा टाकीन. जॅकेटच्या आत घालायचा सेन्सरचा शर्ट अंगावर कुठे किती दाब आहे ते मोबाईलवर दाखवतो. कमर, छाती ठरल्याप्रमाणे. पाठ शून्य हवी होती. अकराव्या मिनिटापासून ०.३ किलो. चूक शोधायला मी स्वतः दुसरा शर्ट आणि जॅकेट घालून उसात वीस मिनिटं चालले. ०.३.

१० नोव्हेंबर

जॅकेट काढलेलं. नुसता शर्ट. पाठ १.१. वजनकाट्यावर मी ५४ ऐवजी ५५.१. काटा तपासला. बरोबर आहे.

१२ नोव्हेंबर

छबूबाईंना सांगितलं. या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, उसात जे मेले त्यांना घरी यायचं आसतं, मोकळी पाठ दिसली की बसतात. वाळू असली की त्यांना वाटतं, आधीच कुणी बसलंय. माझा यावर विश्वास नाही. तरी थैली परत शिवून जॅकेट घातलं. फरक नाही. पाठ ४.४.

१३ नोव्हेंबर

मच्छिंद्र दवाखान्यात. त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं, पाठ गादीला दाबून पडून असतात, कुशीवर वळवलं की ओरडतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. थैली मी काढली. मी.

१५ नोव्हेंबर

काट्यावर ६७. जिना बसत बसत चढले. मोबाईलवर दोन ठसे, तळहाताएवढे, दोन्ही खांद्यांवर. म्हणजे माणूस. छबूबाई म्हणतात, गेल्या साली त्याच उसात सूर्यभान मेला. वस्तीवर त्याची बायको साळूबाई राहती. घरी पोचवा, उतरंल. दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार

साळूबाईच्या ओट्यावर. उभं राहवत नाही. पाठ ३१.

ती दारात आली. मी बोलायच्या आत माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. म्हणाली, हे आमचं न्हाई. पोरांना आत ओढलं, कडी लावली. आतून ओरडते आहे, हलू नका, बाई, हलू नका—

मोबाईल. दोन ठसे नाहीत. चार. दोन खांद्यांवर, दोन कमरेवर—

माणूस समजून मी याला—

पाचवा दाब. मानेवर. बारीक, टोकदार. वाढतो आ—