काकूचा उखाणा आणि ओसरीची किल्ली

तीर्थरूप सुलूआत्या,

तुला इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर उठले, चिपळूणची दिशा अंदाजाने धरली आणि वाकले. जे केलं नाही ते लिहायचं नाही, हे मी शाळेत जायच्या आधी तूच पाटीवर शिकवलंस, आणि ते शिक्षण काही केल्या उतरत नाही.) तुझी कंबर कशी आहे? पट्टा कमरेला लावतेस, की खुंटीला? आम्ही मीरा रोडला सगळे बरे आहोत. हे वाक्य लिहून थोडं थांबले, कारण काशीनाथकाकाला सर्दी आहे. बाकी सगळे बरे.

मी नोकरी सांभाळून 'ओसरी'चं काम करते, हे तुला फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा तुझा कुकर शिट्ट्या देत होता, म्हणून पुन्हा सांगते. ओसरी ही इंटरनेटवरची लिहायची जागा आहे. माणसं तिथे लेख लिहितात, एकमेकांचे वाचतात, शाबासकी देतात. फरक एवढाच, की लिहिलेलं कुणा एका कंपनीच्या कपाटात राहत नाही. ते ब्लॉकचेन नावाच्या एका साखळीत ओवलं जातं, आणि त्या साखळीच्या नकला जगभरच्या संगणकांवर असतात. त्यामुळे तिथलं अक्षर कुणालाच पुसता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. नव्या मराठी माणसांना हात धरून आत आणायचं, ती बुजली तर धीर द्यायचा, हे माझं काम. माझं पहिलं नवं माणूस म्हणजे आपली सुचेताकाकू. तिला ही साखळी समजावताना मला घाम फुटला. ती मटार सोलत म्हणाली, "म्हणजे वाडीत एकदा तोंडातून गेलं की गेलं, तसंच ना? मग यात नवीन काय?"

काकू तिथे स्वप्नं लिहिते. दुपारची जरा पडते आणि उठली की चहाआधी लिहायला बसते. तिच्या स्वप्नात खाडी हळूहळू चालत आमच्या बेव्हर्ली पार्कच्या रस्त्यावर येते. कुणी घाबरत नाही. चौथ्या मजल्याच्या ग्रिलला होड्या बांधलेल्या असतात, भाजीवाला वल्हं मारत येतो आणि माठाची जुडी वर फेकतो. कधी ती मोरवा गावाच्या बाजूला मिठागरात जाते, तर तिथे मिठाऐवजी चांदणं वाळत घातलेलं असतं आणि बायका ते फावड्याने ओढत असतात, आवाज न करता. (हे वाचताना मला ऑफिसात दोनदा हाक मारावी लागली.) नागपूरच्या एका वाचकाने खाली लिहिलं, आमच्याकडे खाडी नाही, पण काल ती आमच्याही अंगणात येऊन गेली. आणि प्रत्येक लेखाखाली नाव असतं नुसतं 'सुचेता'. आमच्या दारावरच्या पाटीवर काकाचं नाव आहे, गॅसच्या पुस्तकावर काकाचं, विजेच्या बिलावर काकाचं. ओसरीवर मात्र ती एकटीच. काका मोठा चष्मा लावून सगळं वाचतो. एकदाच त्याने विचारलं, "यात मी कुठे असतो?" काकू म्हणाली, "तुम्ही घोरत असता."

आता किल्लीचं. ओसरीवर प्रत्येकाला एक किल्ली मिळते, बारा शब्दांची, त्याच क्रमाने लक्षात ठेवायची. हे शब्द ज्याला कळले, खातं त्याचं. तो काकूच्या नावाने वाटेल ते लिहील, आणि ते तिच्याच नावावर कायमचं राहील. म्हणून मी नव्या माणसांना बजावते: किल्ली मोबाइलमध्ये ठेवू नका, फोटो काढू नका, कुणाला सांगू नका, मलासुद्धा नाही. काकूला जरा जास्तच बजावलं. कागदही नको म्हटलं, कारण आमच्या घरात कागद शेवटी डब्याखाली जातात. ती म्हणाली, "मग ठेवू कुठे, डोक्यात?" मी हो म्हटलं. तिच्या डोक्यात एखादी गोष्ट कोणत्या रूपात टिकते, हा विचार मी करायला हवा होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या सोसायटीच्या गच्चीवर झालं. कंदील लावले होते, वारा होता, सगळ्याजणी जरा तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा काकू उभी राहिली आणि म्हणाली (ही किल्ली आता बाद झाली आहे, म्हणूनच लिहिते):

चंद्र पातेल्यात, होडी जिन्यात, कापसाची घंटा वाजते छान,
मिठाच्या खिडकीत आरसा, वाऱ्याला दिव्याचं भान,
पावलागणिक काशीनाथरावांचं नाव, हाच माझा मान!

अशा टाळ्या पडल्या, की खालच्या रिक्षावाल्यांनी वर पाहिलं. समोरच्या गुजराती भाभी म्हणाल्या, "सुचेताबेन, एक बार फिर से बोलो ने!" आणि काकू पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा सगळ्याजणी तिच्यासोबत बोलल्या. मी बोटांवर मोजत होते: चंद्र, पातेलं, होडी, जिना... पावलापाशी बारा भरले, तेव्हा माझ्या हातातलं वाण खाली पडलं. संचितावहिनींनी (तळमजल्यावरच्या, माझं दुसरं नवं माणूस, फार हौशी) तोवर तो उखाणा शब्दन् शब्द लिहून ओसरीवर टाकलाही होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, शिकले की नाही?" मी हो म्हटलं. खरंच शिकल्या होत्या. आणि आता ते जगात कुणालाच पुसता येणार नव्हतं.

किल्ली बदलता येते, पण जुनी किल्ली आधी घालावी लागते, आणि चोराच्या आधी घालावी लागते. काकू हलेना. "थांब गं, अजून तिळगूळ वाटायचाय. माझं खातं नेऊन कोण काय करणार, माझी स्वप्नं बघणार?" शेवटी तिला धरून घरी आणली. ती एकेक अक्षर शोधत, उखाण्याच्या चालीवर मोठ्याने म्हणत किल्ली घालत होती, आणि मी पाठ फिरवून कानात बोटं घालून उभी होते. सगळ्या सोसायटीला पाठ झालेलं असलं तरी नियम तो नियम. नवी किल्ली मिळाली. मी वळले, तर काकू पडद्याकडे बघत होती. तिच्या नावाने एक ओळ आधीच आली होती.

ती ओळ अशी होती: 'होडी मीच वल्हवत होतो, एवढं लिहायचं राहून गेलं.'

आतल्या खोलीतून काका शिंकला.

गच्चीवरचा तो गजर त्याने खिडकीतून ऐकला होता. काकू आठवडाभर भाजी चिरताना बोटं मोजत काय पुटपुटते, हेही त्याला ठाऊक होतं; बारा शब्द वेचायला त्याला वेळ लागला नाही. काकूने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "वल्हवतायत! जेट्टीवर उभं केलं तर माझा पदर धरतात." मी ओसरीच्या वतीने तिची माफी मागितली आणि सांगितलं की ही ओळ आता तिच्या नावावरून निघणार नाही. ती म्हणाली, "मी काढ म्हटलंय का?" आणि चहा टाकायला गेली. दोन कप.

तुझी,
स्वप्नाली

ता. क. खरं तर पत्र यासाठी. तुझ्या क्षितिजाच्या लग्नाला आम्ही सगळे चिपळूणला येतोय. आपल्या घरच्या लग्नात "वहिनी, नाव घ्या" म्हणून काकूला उभं करणारी तूच असतेस. या वेळी नको गं. नवी किल्ली तिने कशी पाठ केली आहे, हे मी नियमाप्रमाणे विचारलेलं नाही, पण ती भाजी चिरताना पुन्हा बोटं मोजतेय.

ता. क. काकूबद्दल तिच्या पाठीमागे लिहिणं बरं नव्हे, म्हणून पत्र तिला दाखवलं. ती म्हणते, "वन्संना लिही, विचारायचंच. नाही विचारलं तर मी आपणहून उठेन." काकाही मान डोलावतोय. तेव्हा आत्या, विनंती बदलते. तिला खुशाल उभी कर, पण ती काकाच्या नावाच्या ओळीला लागली की बँडवाल्यांना खूण कर. एक शब्द बुडाला तरी खातं वाचेल.